भाग ३४ : लेथचा स्क्रू ढिला झालाय? आधी मोजा, मग खोला

(ऑडिओ भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात जे पुन्हापुन्हा आलं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी बोलतोय पिंगळीहून. परभणीवरून पूर्णेकडं रेल्वेने निघालात की लागतं ते आपलं पिंगळी. मधेच गाडीचा आवाज आला तर चालवून घ्या, रेकॉर्डिंग शेडमधेच चाललंय आणि पत्र्याला सगळं ऐकू येतं.

मागच्या काही भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. ‘दादा, जुनं छोटं लेथ घेतलंय. हँडल फिरवतो पण टूल लगेच हलतच नाही. प्ले लई आहे. स्क्रू बदलू का नट बदलू?’

माझं उत्तर एका ओळीत सांगतो : आधी काहीच बदलू नका, मोजा. असं का म्हणतो ते कळायला माझा एक फसलेला जॉब ऐका. शेवटी तुम्हीच ठरवा.

पंचवीसचा शाफ्ट

सोयाबीनचा सीझन. गावातल्या एका शेतकऱ्याच्या मळणीयंत्राचा शाफ्ट गेला. त्यावर ६२०५ नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणजे आतलं भोक बरोबर २५ एमएम. मी म्हणलं, मी करून देतो. तोवर मी लेथवर हौसेखातर कायकाय करत होतो, पण दुसऱ्याचं, गरजेचं काम हे पहिलंच.

शेवटच्या कटाआधी हँडल जरा जास्त फिरलं. डायलवर पाच घरं पुढं गेलो. माझ्या मशीनच्या डायलवर शंभर घरं आहेत आणि एक घर म्हणजे ०.०२ एमएम. पाच घरं म्हणजे ०.१० एमएम. मी काय केलं? पाच घरं मागं आलो, आकडा बरोबर दिसला, कट मारला.

मोजलं तर २४.९०. शाफ्टवर बेअरिंग सरळ घसरत खाली गेलं.

झालं असं की मी हँडल मागं फिरवलं, डायल मागं गेली, पण टूल जागचं हललंच नाही. पाच घरं नुसती ढिलाईत गेली. टूल ०.१० एमएम जास्तच आत राहिलं, आणि गोल जॉबवर ते दोन्ही बाजूंनी कापलं जातं, म्हणून व्यासात ०.२० चा फटका. मला २५.१० ठेवून पुढं हळूच उतरायचं होतं. तो माणूस बाहेर उभा, शेतात सोयाबीन कापून पडलेलं, आकाशात ढग. शाफ्ट वेल्डिंगने भरून परभणीहून पुन्हा टर्न करून आणावा लागला. एक दिवस गेला. तो मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट. पितळेचा बुश पार्टिंग टूलने तोडत होतो. अचानक टूल आपोआप पुढं ओढलं गेलं, ‘टक्’ आवाज, पार्टिंगचं पातं मोडलं आणि तुकडा कानाजवळून गेला. चष्मा होता म्हणून आज हसत सांगतोय. पितळ टूलला आत ओढतं, आणि स्क्रूमध्ये ढिलाई असली की स्लाईडला तेवढं अंतर मोकळं मिळतं. तुम्ही हँडल घट्ट धरलं तरी उपयोग नाही.

त्या रात्री ठरवलं होतं, मशीन भंगारात घालायचं.

ढिलाई म्हणजे नक्की काय

ज्यांच्याकडं लेथ नाही त्यांच्यासाठी. जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आठवा. अर्धा वीत फिरवावं तेव्हा कुठं चाक वळायला लागतं. लेथच्या हँडलचं तसंच. हँडल स्क्रू फिरवतं, स्क्रू नटमध्ये फिरतो, नट स्लाईडला बांधलेला असतो, स्लाईडवर टूल. स्क्रूचा आटा आणि नटचा आटा यांच्यात फट पडली की दिशा बदलताना ती फट आधी भरून निघते, मगच टूल हलतं. यालाच बॅकलॅश म्हणतात. आपल्याकडं सरळ ‘प्ले’ म्हणतात.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा : थोडा प्ले प्रत्येक मशीनला असतो. कोऱ्या मशीनलाही असतो, कारण तेल जायला जागा लागते. नट एकदम टाईट असला तर हँडलच फिरणार नाही. प्ले शून्य करायच्या मागं लागू नका. प्ले किती आहे, कुठून येतोय आणि सगळीकडं सारखा आहे का, हे तीन प्रश्न खरे.

मोजायचं कसं

एक डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटचा स्टँड लागतो. आधी स्लाईडच्या बाजूची गिबची पट्टी बघा. ती सैल असेल तर स्लाईडच डुलते आणि तुम्ही उगाच स्क्रूला दोष देता.

मग गेजची सुई स्लाईडच्या मागच्या बाजूला टेकवा. हँडल आत फिरवा, सुई हलायला लागली की थांबा. डायल शून्यावर आणा. आता हळूहळू उलटं फिरवा. सुई हलायला लागेल तिथं डायलवरचा आकडा वाचा. तो तुमचा एकूण प्ले.

हे एकाच जागी करून थांबू नका. स्लाईड जिथं रोज काम करते त्या मधल्या जागी एकदा, आणि जिथं कधी जातच नाही त्या टोकाला एकदा.

माझे आकडे सांगतो. मधे ३१ घरं, म्हणजे ०.६२ एमएम. टोकाला २० घरं, म्हणजे ०.४० एमएम.

या दोन आकड्यांतच सगळी माहिती आहे. नट स्लाईडबरोबर फिरतो, त्यामुळं नटची झीज सगळीकडं सारखीच दिसणार. स्क्रू मात्र जिथं जास्त वापरला तिथंच झिजतो. म्हणजे मधला आणि टोकाचा जो फरक, ०.२२, तो स्क्रूचा. उरलेला ०.४० हा नटचा आणि कॉलरचा मिळून.

कॉलर म्हणजे काय? स्क्रू हँडलच्या बाजूला एका ब्रॅकेटमध्ये धरलेला असतो, पुढं-मागं सरकू नये म्हणून. तिथला वॉशर झिजला किंवा चेकनट ढिला झाला की अख्खा स्क्रूच पुढं-मागं सरकतो. तपासायला सोपं : गेजची सुई हँडलच्या मधोमध टेकवा, आणि हँडल न फिरवता फक्त ओढा आणि ढकला. माझ्याकडं हा आकडा आला ०.२४.

आता हिशोब करा. एकूण ०.६२. त्यातला ०.२४ कॉलरचा, ०.२२ स्क्रूचा, उरला ०.१६ नटचा. आणि मी काय करणार होतो? सगळ्यात आधी नट बदलणार होतो. जो तिघांत सगळ्यात कमी दोषी! आणि ज्याला मी मोजतच नव्हतो ती कॉलर सगळ्यात मोठी गुन्हेगार निघाली.

फुकटातली दुरुस्ती

हँडल काढलं. चेकनट ढिला होता आणि आतला वॉशर एका बाजूने खाल्लेला. गनमेटलचा नवा वॉशर केला, तेल दिलं, चेकनट आवळत नेला. हँडल जड लागायला लागलं की किंचित मागं घेतला. ०.२४ वरून ०.०४. एका संध्याकाळचं काम, आणि एकूण प्लेचा जवळजवळ तिसरा भाग तिथंच संपला.

ज्यांच्या मशीनमधला नट करवतीने चिरलेला असतो आणि त्यावर एक छोटा स्क्रू असतो, त्यांनी तो शोधा. तो आवळला की नटचे दोन भाग एकमेकांपासून जरासे सरकतात. एक भाग आट्याची पुढची बाजू धरतो, दुसरा मागची. प्ले कमी होतो. पण सावधान! मधल्या झिजलेल्या जागी उभं राहून आवळलंत तर स्लाईड टोकाला गेल्यावर अडकेल, कारण तिथला आटा अजून जाड आहे. म्हणून नट नेहमी स्क्रूच्या कोऱ्या टोकावर ॲडजस्ट करायचा. मग मधे थोडा प्ले राहणारच. तो स्क्रूचा आहे, नट आवळून जाणार नाही.

माझ्या दोन चुका

आता नटकडं वळलो. नट खोलला, मशीन अर्धं उघडं, आणि मग लक्षात आलं : नवा नट करायला लेथ लागतं! आणि लेथ तर मी खोलून बसलोय. म्हणून लिहून ठेवा : आधी जुन्या, ढिल्या नटवरच नवा नट करून घ्या, मगच मशीन खोला.

दुसरी चूक. म्हणलं स्क्रूही बदलूनच टाकू. ऑनलाईन रॉड मागवला. माप जुळलं, आटे जुळले, बसवून हँडल उजवीकडं फिरवलं तर टूल आपल्याकडंच यायला लागलं! क्रॉस स्लाईडचा स्क्रू बहुतेक मशीनला उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे हँडल उजवीकडं फिरवलं की टूल आत जावं. मी आणला सरळ आट्यांचा. तो रॉड आता आमच्या घरच्या वाईसला लागलाय.

तुम्ही मागवताना तीन गोष्टी बघा. आटे सरळ का उलटे. माप एमएममधलं का इंचातलं : दहा आट्यांचं अंतर स्केलवर मोजा. इंचात पाच आटे म्हणजे एका आट्याला ५.०८ एमएम, ५ एमएमचा नट त्यावर दोन-तीन आटे चढेल आणि मग गच्च अडकेल. तिसरं, आट्याचा आकार : मेट्रिक ट्रॅपेझॉइडल ३० अंशांचा, इंचातला ॲक्मे २९ अंशांचा, आणि खूप जुन्या मशीनला चौकोनी आटेही असतात. थ्रीडी प्रिंटरचे ८ एमएमचे स्वस्त रॉड मिळतात, ते बघून हुरळू नका. त्यातले बरेचसे एका फेऱ्यात ८ एमएम पुढं जातात. तुमच्या डायलचा त्याच्याशी काही संबंध राहणार नाही.

काकांचं लेथ

तर उघडं मशीन, हातात जुना नट. परभणीत एक जुने टर्नर आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. उमेदीची वर्षं जिनिंगच्या मशिनरीवर गेली. त्यांच्याकडं गनमेटलचा तुकडा, माझा स्क्रू आणि जुना नट घेऊन गेलो.

त्यांचं लेथ बघून मला वाटलं, चुकीच्या जागी आलो. माझ्यापेक्षा वयाने मोठं मशीन. कंपनीची पाटी कधीच पडलेली. मी सहज हँडल हलवून बघितलं तर अर्धा फेरा मोकळा!

म्हणलं, ‘काका, ह्याच्यात तर माझ्यापेक्षा जास्त प्ले आहे. नट बरोबर होईल का?’

काका म्हणाले, ‘हाय ना प्ले. मी मागं जाताना डायलकडं बघतच नाही. पुढं येतानाच बघतो.’

बस्. माझ्या शाफ्टचं उत्तर हेच होतं. टूल मागं घ्यायचं असेल तर पाच घरं नाही, पूर्ण एक फेरा मागं या, सगळी ढिलाई संपू द्या, आणि मग पुढं येत-येत आकड्यावर थांबा. आकडा ओलांडला? पुन्हा फेराभर मागं, पुन्हा पुढं. नेहमी एकाच बाजूने. म्हणजे आटा नेहमी एकाच बाजूने टेकलेला राहतो आणि फट कितीही असली तरी ती मोजमापात येत नाही. जुना ट्रॅक्टर सरळ तास काढणारा ड्रायव्हर हेच करतो, स्टिअरिंग एका अंगाला दाबून धरतो.

काकांनी नटचे आटे आतून बोरिंग बारने कापले. दर दोन-तीन कटांनी माझा स्क्रू घालून बघायचे, आणि प्रत्येक वेळी कोऱ्या टोकानेच. कारण तुम्हाला आता माहितीये.

मला तिथं उभं राहून एक वाचलेली गोष्ट आठवली. साधारण १८०० साली लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने आटे कापायचं चांगलं लेथ बनवलं, ज्यात लीड स्क्रूच टूलला ओढत नेतो. पण चांगला लीड स्क्रू बनवायला आधी चांगलं लेथ पाहिजे की नाही? तेव्हा ते कुठं होतं! कमी बरोबर मशीनवर जास्त बरोबर पार्ट, हातोटीने आणि तपासून-तपासून, असंच ते पुढं आलं. आपल्याकडंही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभा केला, तिथं लोखंडी नांगर तयार झाले, आणि पुढं १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू होऊन तिथं लेथ बनायला लागले. सगळं काही आयतं मिळाल्यावर काम सुरू करू म्हणणारे हे लोक नव्हते.

ज्यांना टर्नर मिळत नाही त्यांच्यासाठी

छोट्या, हौशी लेथसाठी एक जुगाड जगभर चालतो आणि तो खरंच चालतो. ॲसिटल नावाचं कडक प्लास्टिक मिळतं, बाजारात डेलरिन म्हणून मागा. त्याचा ठोकळा मधोमध चिरायचा. स्क्रूचं कोरं टोक हीट गनने तापवायचं, दोन तुकड्यांच्या मधे ठेवायचं आणि वाईसमध्ये सावकाश दाबत जायचं. प्लास्टिक मऊ होऊन आट्यांचा हुबेहूब ठसा घेतं. पूर्ण थंड होऊ द्या, मग स्क्रू फिरवून काढा. तयार झाला नट, आणि प्ले जवळजवळ नाहीच.

दोन इशारे. ॲसिटल साधारण १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यापेक्षा फार तापलं किंवा जळलं तर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, डोळे-नाक झोंबतात, घातक आहे. आणि त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. म्हणून हे काम अंगणात करा, गॅसची ज्योत प्लास्टिकवर मारू नका. दुसरं, मोठ्या, जड कामाच्या लेथला हा नट लावू नका. तिथं गनमेटलच.

काही जण विचारतात, बॉल स्क्रू लावू का? सीएनसीला लावतात, प्ले नसतो. हाताच्या लेथवर नको. तो इतका हलका फिरतो की कटाच्या दाबाने स्लाईडच हँडलला उलटं फिरवते. आणि डिजिटल स्केल? ती चांगली, कारण ती थेट स्लाईड मोजते, स्क्रूची ढिलाई आकड्यात येत नाही. पण पार्टिंगला टूल आत ओढलं जायचं ते तिने थांबत नाही.

लीड स्क्रू आणि हाफ नट

मोठ्या लीड स्क्रूचं थोडक्यात. आटे पाडायचं बहुतेक काम चकजवळ होतं, म्हणून तो तिथंच जास्त झिजतो. पण आटे पाडताना कॅरेज एकाच दिशेने ओढली जाते, त्यामुळं तिथला प्ले फारसा नडत नाही. हाफ नट नीट बसत नसेल तर लगेच झिजला म्हणू नका. आट्यांच्या तळाशी कीस आणि जुनं तेल दगडासारखं बसलेलं असतं. रॉकेलमध्ये भिजवलेली सुतळी आट्यात गुंडाळा, दोन्ही टोकं धरा आणि स्क्रू हाताने हळू फिरवा. मशीन चालू करून हे कधीही करायचं नाही, सुतळी बोट ओढून नेते. माझ्या हाफ नटचा अर्धा आजार या सुतळीनेच गेला.

झीज येते कुठून

आपल्याकडं काळी माती, उन्हाळ्यात धूळ, कापसाचा तूस. उघड्या स्क्रूला ग्रीस लावलं की हे सगळं त्यात चिकटतं आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं आटे घासत राहतं. म्हणून ग्रीस नको, पातळ तेल, आणि आधी पुसून मग तेल. पॉलिश पेपर लेथवर वापरत असाल तर खाली पेपर अंथरा. ती पूड स्क्रूत गेली तर सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. मी क्रॉस स्लाईडच्या मागं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा पट्टा झाकण म्हणून लावलाय. दिसायला बरा नाही, पण काम करतो.

आता आकडे काय आहेत

नवा नट बसवल्यावर पुन्हा मोजलं. टोकाला ०.०६. मधे ०.२८. म्हणजे स्क्रूचा ०.२२ तसाच आहे. त्याला हात लावला नाही, आणि लावणारही नाही इतक्यात. त्याऐवजी टूल पोस्टमध्ये टूल आठ-दहा एमएम मागं-पुढं बसवतो, म्हणजे रोजचं काम स्क्रूच्या कमी झिजलेल्या भागावर होतं. फार बाहेर काढत नाही, नाहीतर टूल थरथरतं. पार्टिंग करताना कॅरेज लॉक, गिब किंचित टाईट, टूलला धार, आणि तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही. स्क्रूचे आटे मधे अगदी टोकदार, पात्यासारखे दिसायला लागले की मग मात्र बदलणार.

यंदा त्याच शेतकऱ्याने पुन्हा शाफ्ट आणला. दुसऱ्या यंत्राचा, पण बेअरिंग तेच, ६२०५. मी म्हणलं, ‘मागच्या वेळी मी बिघडवला होता, तरी?’ तो म्हणाला, ‘तूच कर.’ आकड्यावर पुढून आलो. मायक्रोमीटरवर २५.०१. बेअरिंग तेलात गरम करून बसवावं लागलं, आणि ते बसताना जो आवाज येतो तो मी दिवसभर ऐकत होतो.

तर आज-उद्याकडं एवढंच करा : तुमच्या मशीनचे तीन आकडे मोजा. मधला, टोकाचा आणि कॉलरचा. खडूने मशीनवरच लिहून ठेवा आणि मला कळवा. स्क्रू का नट, ते तुमचे आकडेच सांगतील.

काळजी घ्या, चष्मा घाला, बाह्या दुमडा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!